नवा राऊटर आणि जुना लॅपटॉप

वळवाचा पाऊस आपल्या भागात एकटा येत नाही; विजांचा कडकडाट तो बरोबर घेऊन येतो. अशा एखाद्या संध्याकाळी दिवे क्षणभर मंदावतात आणि कोपऱ्यातील राऊटर कायमचा विझतो. दुसऱ्या दिवशी नवा राऊटर येतो. बसविणारा तरुण तारा जोडतो, आपल्या मोबाइलवर एखादे चित्र चालू करून दाखवितो आणि निघून जातो. सर्वांचे समाधान झालेले असते. रात्री घरातील कोणीतरी लॅपटॉप उघडतो, तेव्हा मात्र कळते की, या एका यंत्राला नव्या पाहुण्याची ओळखच पटलेली नाही.

मग तर्क सुरू होतात. कोणी म्हणतो, राऊटरच वाईट निघाला. कोणी म्हणतो, लॅपटॉप जुना झाला, आता नवा घ्यावा. कोणी सेवा पुरविणाऱ्या माणसाला फोन करतो, आणि तो माणूस “आमच्याकडून सर्व ठीक आहे” असे सांगून मोकळा होतो. ज्या घरात एकच लॅपटॉप आहे आणि त्यावरच मुलाचा अभ्यास, मुलीचा अर्ज, वडिलांचा हिशेब अवलंबून आहे, त्या घराला हा गोंधळ परवडणारा नसतो. चांगला लॅपटॉप केवळ गैरसमजापायी अडगळीत जातो आणि नव्यासाठी कर्ज काढले जाते. म्हणून आज मी आपणांस एवढेच सांगू इच्छितो की, दोष कोणाचा हे ठरविण्यापूर्वी दोष कोठे आहे हे ठरवावे. ते ठरविणे वाटते तितके अवघड नाही.

त्यासाठी प्रथम वाट नीट समजून घेतली पाहिजे. लॅपटॉपपासून राऊटरपर्यंतचा प्रवास हवेतून, बिनतारी लहरींनी होतो. यालाच आपण वायफाय म्हणतो. राऊटरपासून पुढे सेवा पुरविणाऱ्याच्या केंद्रापर्यंतचा प्रवास बहुधा काचेच्या बारीक तंतूतून होतो, आणि तेथून पुढे जगाशी संबंध येतो. त्याला आपण इंटरनेट म्हणतो. वायफाय आणि इंटरनेट ही एकाच वस्तूची दोन नावे नव्हेत. वायफाय म्हणजे घरापासून फाटकापर्यंतची पायवाट, आणि इंटरनेट म्हणजे फाटकाबाहेरचा हमरस्ता. पायवाट धड असून हमरस्ता बंद असू शकतो, आणि हमरस्ता मोकळा असून पायवाटेवर झाड पडलेले असू शकते. हा भेद ज्याच्या ध्यानात आला, त्याचे अर्धे काम झाले.

पहिली परीक्षा दुसऱ्या यंत्राने घ्यावी. घरातील एखादा मोबाइल नव्या राऊटरला जोडावा. पण तत्पूर्वी त्याचा मोबाइल डेटा आठवणीने बंद करावा. ही सूचना किरकोळ वाटेल, परंतु नेमकी येथेच पुष्कळांची फसगत होते. वायफायमधून इंटरनेट मिळाले नाही की मोबाइल मुकाट्याने आपल्या सिमकार्डावर जातो, आणि “फोनवर तर चालते आहे” असे आपण बेधडक सांगतो. डेटा बंद केल्यावरही मोबाइल चालला, तर राऊटर आणि बाहेरचा मार्ग दोन्ही ठीक आहेत. मग शोध लॅपटॉप आणि राऊटर यांच्यामधील संबंधाचा करावयाचा. मोबाइलही चालला नाही, तर लॅपटॉपला बोल लावण्याचे कारणच उरत नाही.

या दुसऱ्या स्थितीत काय पाहावे? राऊटरच्या पाठीमागे एकसारखी दिसणारी अनेक छिद्रे असतात. त्यांतील एकावर ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ असे लिहिलेले असते आणि पुष्कळदा त्याचा रंगही वेगळा असतो. बाहेरून आलेली तार त्याच छिद्रात हवी. ती शेजारच्या छिद्रात गेली, तर दिवे लागतात, वायफायही दिसते, पण इंटरनेट बहुधा येत नाही. त्यानंतर सेवा पुरविणाऱ्याने दिलेले ग्राहकनाव आणि पासवर्ड पाहावे. अनेक ठिकाणी ही दोन्ही जुन्या राऊटरच्या पोटात नोंदलेली असतात. राऊटर गेला, तर त्याबरोबर ती नोंदही जाते, आणि नव्यात ती पुन्हा भरावी लागते. काही ठिकाणी तर केंद्रावर आपल्या राऊटरचा यंत्रक्रमांकच नोंदवून ठेवतात. त्याला मॅक पत्ता म्हणतात. नव्या राऊटरचा क्रमांक कळविल्याशिवाय तेथून दार उघडत नाही. काचतंतूच्या डबीवर ‘लॉस’ नावाचा तांबडा दिवा लागलेला असेल, तर मात्र घरात कितीही खटपट केली तरी व्यर्थ. प्रकाशच घरापर्यंत पोचत नाही असा त्याचा अर्थ आहे, आणि ते काम लाइनमनचे आहे.

आता मोबाइल चालतो आणि लॅपटॉप चालत नाही, या मुख्य प्रश्नाकडे येऊ. या अवस्थेत लॅपटॉप तीनपैकी एक लक्षण दाखवितो. एक, नव्या वायफायचे नावच यादीत दिसत नाही. दोन, नाव दिसते, पण जोडणी होत नाही. तीन, जोडणी झाली असे दिसते, पण इंटरनेट नाही. वैद्य जसा ताप, खोकला आणि पोटदुखी यांना एकच औषध देत नाही, तसे आपणही या तीन लक्षणांना एकच उपाय करू नये.

पहिले लक्षण, नावच न दिसण्याचे. येथे प्रथम लॅपटॉपचे वायफाय बंद तर नाही ना, हे पाहावे. काही लॅपटॉपांच्या कडेला लहानसे बटण असते. काहींत वरच्या कळांच्या ओळीत विमानाचे चित्र असते, आणि ती कळ चुकून दाबली गेली की सर्व बिनतारी व्यवहार थांबतो. ते ठीक असेल, तर लहरींचा विचार करावा. आजचे बहुतेक राऊटर दोन पट्ट्यांवर बोलतात, एक २.४ गिगाहर्ट्झचा आणि दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. पहिल्याची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब, दुसरीची सुमारे सहा सेंटिमीटर. लांब लहर भिंतींतून अधिक दूर जाते, आखूड लहर अधिक माहिती वाहते पण लवकर थकते. आपल्याकडील जुन्या घरांच्या चिऱ्याच्या जाड भिंतींपुढे तर ती पुरतीच हतबल होते. शिवाय दहाबारा वर्षांपूर्वीचे कित्येक लॅपटॉप फक्त २.४ चाच पट्टा ऐकू शकतात. नव्या राऊटरवर केवळ ५ चा पट्टा चालू ठेवलेला असेल, तर अशा लॅपटॉपच्या लेखी तो राऊटर घरात नाहीच. उपाय सोपा आहे. राऊटरमध्ये २.४ चा पट्टाही सुरू करावा, आणि तूर्त दोघांना वेगवेगळी नावे द्यावीत, म्हणजे कोणता दिसतो आणि कोणता दिसत नाही हे स्पष्ट होईल.

यातच आणखी दोन बारकावे आहेत. २.४ च्या पट्ट्यात लहान लहान उपपट्टे असतात. त्यांना चॅनेल म्हणतात. आपल्या देशात १ ते १३ वापरता येतात. अमेरिकेत सामान्यतः १ ते ११ च वापरतात. परदेशांतील आप्तांनी पाठविलेला लॅपटॉप १२ किंवा १३ वरचा राऊटर ऐकत नसेल, तर राऊटरला १, ६ किंवा ११ वर आणून पाहावे. दुसरे असे की, नवा राऊटर ‘वायफाय ६’ या पद्धतीचा असेल, तर काही जुन्या वायफाय चिपांना, त्यांचा ड्रायव्हर जुना असल्यास, त्याचे नावही दिसत नाही. ड्रायव्हर म्हणजे यंत्राच्या भागाला चालविणारी आज्ञावली. ती नवी केली की तोच लॅपटॉप त्याच राऊटरला ओळखू लागतो. पण इंटरनेट नसताना ती आणावी कशी? मोबाइल यूएसबी तारेने लॅपटॉपला जोडून त्यात ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावे. लॅपटॉपला त्या तारेतून इंटरनेट मिळते, आणि वायफायच्या औषधासाठी वायफायची वाट पाहावी लागत नाही.

दुसरे लक्षण, नाव दिसते पण जोडणी होत नाही. नवा राऊटर आल्यावर पुष्कळ जण त्याला जुनेच नाव देतात. कल्पना चांगली आहे. नाव, पासवर्ड आणि सुरक्षेची पद्धत ही तिन्ही तंतोतंत जुनीच ठेवली, तर घरातील सर्व यंत्रे न विचारता जोडली जातात. परंतु नाव जुने आणि पासवर्ड नवा असे झाले, की लॅपटॉप आपल्या स्मरणातील जुना पासवर्ड पुढे करीत राहतो आणि दर वेळी नाकारला जातो. त्याची ही आठवण पुसली पाहिजे. सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, त्यात ‘वायफाय’, आणि त्यात ‘मॅनेज नोन नेटवर्क्स’ या ठिकाणी जावे. जुन्या नावापुढे ‘फर्गेट’ म्हणावे आणि नव्याने जोडावे. पासवर्ड लिहिताना शून्य आणि ‘ओ’, एक आणि ‘एल’ यांत घोटाळा होतो, आणि लहानमोठी इंग्रजी अक्षरे येथे भिन्न मानली जातात, हेही ध्यानात असू द्यावे.

पासवर्ड बरोबर असूनही नकार येत असेल, तर सुरक्षेची पद्धत पाहावी. वायफायचे संभाषण गुप्त ठेवण्याच्या पद्धती काळानुरूप बदलत आल्या. १९९७ मध्ये वेप आली आणि ती लवकरच तकलादू ठरली. २००४ मध्ये डब्ल्यूपीए २ आली आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए ३ आली. नवा राऊटर केवळ डब्ल्यूपीए ३ वर ठेवलेला असेल आणि लॅपटॉपला ती भाषाच येत नसेल, तर पासवर्ड हजार वेळा बरोबर लिहूनही उपयोग नाही. अशा वेळी राऊटरमध्ये २ आणि ३ ही मिश्र पद्धत निवडावी. मात्र जुन्या यंत्राच्या सोयीसाठी कोणी वेप लावा किंवा पासवर्डच काढून टाका असे सुचविले, तर ते ऐकू नये. एका खोलीची खिडकी लागत नाही म्हणून कोणी घराचा दरवाजा उघडा टाकीत नाही.

तिसरे लक्षण सर्वांत फसवे. जोडणी झाल्याचे चिन्ह दिसते, पण पान काही उघडत नाही. येथे पत्त्याचा प्रश्न असतो, आणि तो मी शाळेतील उदाहरणाने सांगतो. जून महिन्यात नव्या वर्गात वर्गशिक्षक हजेरीपट उघडतात आणि प्रत्येक मुलाला नवा हजेरी क्रमांक देतात. राऊटर नेमके हेच करतो. जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्राला तो एक आयपी पत्ता देतो. या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात. एखाद्या राऊटरचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होतात, दुसऱ्याचे १९२.१६८.० ने. आता एखादा मुलगा गेल्या वर्षीच्या वर्गातील क्रमांक घेऊन नव्या वर्गात बसला, तर हजेरीच्या वेळी त्याचे नाव पुकारले जाणार नाही. तो वर्गात असतो, पण पटावर नसतो.

गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या घरात असाच प्रसंग आला. बारावीतील मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरीत होती. मुदत त्याच रात्री बारा वाजता संपत होती. आणि राऊटर दुपारीच बदललेला. वडील मला म्हणाले, “सर, लॅपटॉप गेला वाटतं. उद्या दुकानात नेतो.” मुलीच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. ती म्हणाली, “उद्या नेऊन काय करू, बाबा?” तेव्हा आम्ही शोध बाजूला ठेवला आणि मोबाइल यूएसबी तारेने लॅपटॉपला जोडला. लॅपटॉप तात्काळ चालू लागला. कागदपत्रे आधीच त्यात होती. साडेदहाच्या आत अर्ज पाठविला गेला आणि पोचपावतीही हाती आली. त्याबरोबर आणखी एक गोष्ट सिद्ध झाली. यंत्र धड होते.

मग निवांतपणे पाहिले. राऊटर होता १९२.१६८.० च्या वर्गात, आणि लॅपटॉप सांगत होता १९२.१६८.१ चा पत्ता. लॅपटॉप पूर्वी थोरल्या भावाचा. त्याने आपल्या कामाच्या सोयीसाठी वायफायला तो पत्ता हाताने कायमचा नेमून दिला होता. जुन्या राऊटरशी तो जुळत होता, म्हणून कोणाच्या ध्यानात आले नव्हते. वायफाय ॲडॉप्टरच्या गुणधर्मांत जाऊन पत्ता आपोआप घेण्याचा पर्याय निवडला आणि दोन मिनिटांत काम झाले. दुकानात नेण्याची गरज उरली नाही. त्या रात्रीपासून मी सर्वांना सांगत आलो आहे की, मुदतीचे काम असेल तर आधी दुसऱ्या वाटेने काम उरकावे आणि मग दोष शोधावा. घाईत शोधलेला दोष बहुधा सापडत नाही, आणि घाईत केलेल्या दुरुस्तीने नवे दोष निर्माण होतात.

याच लक्षणात लॅपटॉपचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसला, तर समजावे की राऊटरने त्यास पत्ता दिलेलाच नाही, आणि वाट पाहून त्याने स्वतःच एक तात्पुरता पत्ता धारण केला आहे. अशा वेळी जोडणी विसरावयास लावून पुन्हा जोडावी आणि दोन्ही यंत्रे एकदा बंद करून सुरू करावीत. पत्ता योग्य असूनही पान उघडत नसेल, तर ब्राउझरमध्ये १.१.१.१ असा नुसता आकड्यांचा पत्ता इंग्रजी आकड्यांत लिहून पाहावा. आकड्यांचे पान उघडले आणि नावांची पाने उघडली नाहीत, तर दोष नावांचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या डीएनएस या व्यवस्थेत आहे. तीही ‘आपोआप’ वर ठेवावी. घड्याळ आणि तारीखही पाहावी. जुन्या लॅपटॉपातील लहान बॅटरी संपली की त्याचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते, आणि मग बँकेपासून शाळेपर्यंत सर्व सुरक्षित पाने त्याला दार नाकारतात.

इतके करूनही उलगडा झाला नाही, आणि लॅपटॉपला तारेचे छिद्र असेल, तर राऊटरपासून साधी लॅन तार थेट जोडून पाहावी. तारेने इंटरनेट आले, तर दोष केवळ बिनतारी भागात आहे. अखेरचा उपाय म्हणून विंडोजमध्ये ‘नेटवर्क रीसेट’ आहे. त्याने साठविलेले सर्व पासवर्ड जातात, म्हणून ते आधी लिहून ठेवावेत. वायफायची चिपच निकामी झाली असेल, तरीही संपूर्ण लॅपटॉप टाकण्याचे कारण नाही. यूएसबीच्या छिद्रात बसणारा अंगठ्याएवढा वायफाय ॲडॉप्टर काही शे रुपयांत मिळतो आणि तेच काम करतो.

या सर्व खटपटीत दोन पथ्ये पाळावीत. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि काम झाले, तर कोणत्या गोष्टीने झाले हे कळत नाही; आणि नाही झाले, तर परत फिरण्याची वाट सापडत नाही. दुसरे पथ्य असे की, राऊटरच्या पाठीवरील टाचणीच्या छिद्रात उगाच टाचणी खुपसू नये. राऊटर बंद करून चालू करणे वेगळे आणि त्या छिद्रातून रीसेट करणे वेगळे. पहिल्याने त्यास विश्रांती मिळते. दुसऱ्याने त्याची सारी स्मृती पुसली जाते, सेवेचे ग्राहकनाव आणि पासवर्डही त्याबरोबर जातात, आणि आतापर्यंत केवळ लॅपटॉप बंद होता, तेथे सारे घरच बंद पडते.

काम झाल्यावर आणखी एक कर्तव्य उरते. राऊटरच्या खालच्या चिठ्ठीवर त्याच्या व्यवस्थापनाचा मूळ पासवर्ड छापलेला असतो, आणि काही राऊटरांत तो सर्व जगाला ठाऊक असलेला एखादा साधा शब्द असतो. तो बदलावा. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक आज्ञावलीने कॅमेरे, राऊटर अशी असंख्य घरगुती यंत्रे केवळ त्यांचे मूळ पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणून ताब्यात घेतली, आणि त्यांच्या बळावर मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली. नवा पासवर्ड, वायफायचे नाव, सेवेचे ग्राहकनाव आणि तक्रारीचा दूरध्वनी या चार गोष्टी एका वहीत लिहून ती वही घरातील महत्त्वाच्या कागदांबरोबर ठेवावी. पुढच्या वळवाच्या पावसानंतर ती उपयोगी पडेल.

श्रोतेहो, आपल्या घरांतून ही यंत्रे आली ती त्यांचे शास्त्र शिकण्यास अवधी न देता आली. त्यामुळे ती अडली की आपण एक तर भांबावतो किंवा खिशात हात घालतो. यांपैकी काहीही करण्यापूर्वी वहीच्या एका पानावर तीन प्रश्न लिहावेत. दुसरे यंत्र चालते काय? नाव दिसते काय? पत्ता कोणता मिळाला? उत्तरे घरातील शाळकरी मुलांकडून शोधून घ्यावीत. ती हौसेने शोधतील. आणि त्या उत्तरांनंतरही लॅपटॉप दुकानात न्यावाच लागला, तर ते पान त्याच्याबरोबर द्यावे. दुरुस्ती करणाऱ्याचा वेळ वाचेल, आणि आपले पैसेही.